विधी गुप्त ठेवा, हिशेब नको: फ्रीमेसन लॉजमध्ये साध्या सभासदाचा हक्क किती?

तापीकाठ

मी जळगावचा. अकरा वर्षांपासून फ्रीमेसन आहे, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या एका जुन्या बंधुसंघाचा सभासद. माझं लॉज दुसऱ्या शहरात आहे, त्याचं नाव इथे लिहिणार नाही. महिन्यातून एकदा काळा सूट आणि विधीत बांधायच्या ॲप्रनची बॅग घेऊन दुपारची गाडी पकडतो, रात्री उशिरा घरी येतो. तिथे मला खूप मिळालं. पारशी डॉक्टर, बोहरी व्यापारी आणि रावेरकडच्या केळीच्या बागेत वाढलेला मी, एका रांगेत उभे राहतो. शपथ घेताना माझ्यासमोर गीता होती, माझ्यासोबत दीक्षा घेणाऱ्यासमोर कुराण. म्हणूनच पुढचं बोलणं जिवावर येतंय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी: लॉज म्हणजे शाखा. तिचा मास्टर एका वर्षासाठी निवडला जातो. त्याच्या हाताखाली दोन वॉर्डन, सेक्रेटरी, ट्रेझरर, आणि बंद दाराबाहेर तलवार घेऊन उभा राहणारा टायलर. सगळ्या लॉजच्या वरची मुख्य संस्था म्हणजे ग्रँड लॉज. आपली ग्रँड लॉज ऑफ इंडिया 24 नोव्हेंबर 1961 रोजी स्थापन झाली.

गेल्या वर्षी वार्षिक हिशेबाचे दोन कागद हातात आले. आमचा हॉल लग्नकार्याला भाड्याने जातो. त्या भाड्याचा वेगळा उल्लेख कुठेच नाही. 'इतर जमा' अशी एकच ओळ आणि पुढे रक्कम. मी उभा राहिलो आणि पावतीपुस्तक बघायला मागितलं, बाकी काही नाही. सभागृहात शांतता पसरली. एक माजी मास्टर म्हणाले, "ब्रदर, अशा प्रश्नांनी हार्मनी बिघडते." त्या रात्री जेवणाला माझ्या टेबलावरच्या तीन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आठवड्याने फोन आला: तुम्ही वर्षभर विश्रांती का घेत नाही?

माझं म्हणणं एवढंच की गुपित आहे ते विधीचं, खुणांचं. पैशाचं गुपित कुठल्याच शपथेत नाही. वर्गणी भरणाऱ्याला वह्या बघता आल्या पाहिजेत. आणि कुणाला काढायचंच असेल तर ज्याच्याविरुद्ध त्याची तक्रार होती, तोच माणूस निकाल द्यायला बसता कामा नये.

नाना_धुळे

भाऊ, तुमची कळकळ दिसते. मी तुमच्यापेक्षा तीस वर्षं आधी आत आलो, मास्टरच्या खुर्चीत बसून उतरलोही आहे. पण हे असं बाहेर मांडणं मला पटलेलं नाही.

लॉज म्हणजे नगरपालिका नाही. कुणी बोलावत नाही, माणूस स्वतःहून दार वाजवतो. नवा सभासद घेताना फिरते ती मतदानाची पेटी तुम्ही पाहिली आहे. तोंडातून मनगटापर्यंत हात आत जातो, गोळी पांढरी टाकली की काळी हे शेजाऱ्यालाही दिसत नाही. इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या नियमात तीन काळ्या गोळ्या पडल्या की उमेदवार बाद, आणि पोटनियमात ती संख्या आणखी कमी ठेवता येते. कारण कुणाला सांगायचं नाही. बाहेरच्याला हा अन्याय वाटेल. पण शंभर माणसांना आयुष्यभर एकमेकांना भाऊ म्हणायचं असेल तर दारावर एवढी काळजी घ्यावीच लागते.

आता आपल्या भागातल्या विकास सोसायट्या बघा. हक्क, हक्क म्हणता म्हणता पॅनल उभी राहिली. पॅनल आली की गाड्या आल्या, जेवणावळी आल्या, सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या दारात जाईनासे झाले. मी माझ्याच गावात पाहिलं आहे. लॉजमध्ये राजकारण आणि धर्म यांवर वाद घालायचा नाही, हा नियम उगाच नाही. मास्टर वर्षाने खुर्ची सोडतो आणि पुढच्या मास्टरच्या शेजारी निमूट बसतो. तो नम्रतेचा धडा मतपत्रिकेतून मिळत नाही.

वकील_अमळनेर

मी सभासद नाही, पण ट्रस्टची प्रकरणं चालवतो. दोघांनीही एक निकाल लक्षात घ्यावा: दावर विरुद्ध लॉज व्हिक्टोरिया, बेळगाव. सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर 1962. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखालचं हे लॉज. सभासदाला काढलं, त्याने लॉजच्या वरच्या पायऱ्यांवर अपील केलं, मग दिवाणी दावा केला, आणि शेवटी हरला.

न्यायालयाने सांगितलं ते थोडक्यात असं. क्लब किंवा लॉज यांचा सभासदाला काढण्याचा अधिकार करारातून येतो, म्हणजे ज्या नियमांवर तो आत आला त्या नियमांतून. ते नियम काटेकोर पाळले का, त्याला बाजू मांडायची संधी दिली का, हेतू प्रामाणिक होता का, एवढंच न्यायालय बघेल. निर्णय योग्य होता की नाही यावर अपिलासारखं बसणार नाही.

तेव्हा तापीकाठ, तुमचं संरक्षण तुमच्या पोटनियमांत जेवढं लिहिलंय तेवढंच आहे. वह्या दाखवायचं कलम नसेल तर ते घालून घ्या. दुसरं, हॉल कुणाच्या नावावर आहे ते आधी शोधा. मालमत्ता सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर 1950 च्या न्यास कायद्याखाली लेखापरीक्षण आलं, विश्वस्त बदलले की 90 दिवसांत फेरफार अहवाल आला, आणि धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय जागा विकता येत नाही. तिथे हार्मनीचं कारण चालत नाही.

नाना_धुळे

वकीलसाहेब, माहितीबद्दल आभार. पण बघा, सर्वोच्च न्यायालयानेही लॉजचा मान राखलाच ना.

वकील_अमळनेर

मान नियमांचा राखला, नाना. लॉजने नियम मोडले असते तर निकाल उलटा गेला असता.

पाचोऱ्याची_लेक

माझे वडील मेसन होते. ते गेल्यावर कपाटात निळ्या काठाचा ॲप्रन सापडला, मऊ कातड्याचा, तलम कागदात गुंडाळलेला. आईने तो परत कुणाकडे द्यायचा म्हणून तीन ठिकाणी फोन लावले. वडिलांनी उभं आयुष्य जिथे घालवलं त्या दाराच्या आत आम्हा दोघींना कधी पाऊल टाकता आलं नाही.

तुम्ही सगळे सभासदांच्या हक्कांवर बोलताय. सभासद होण्याचा हक्क कुणाला, हे कुणीच विचारत नाही. फ्रीमेसनांच्या 1723 च्या नियमावलीत, अँडरसनने लिहिलेल्या, बायका नकोत असं लिहिलं होतं. त्याच ठिकाणी गुलामही नकोत, माणूस जन्माने स्वतंत्र हवा, असंही होतं. गुलामगिरी गेल्यावर 1847 मध्ये इंग्लंडने 'जन्माने स्वतंत्र'मधला जन्म काढून टाकला. मग 'बायका नकोत' याला हात का लागत नाही? फ्रान्समध्ये 1893 पासून स्त्री-पुरुषांचं एकत्र लॉज आहे. ॲनी बेझंट 1902 मध्ये त्याच परंपरेत आल्या. ग्रँड ओरिएंट या फ्रान्समधल्या मेसन संस्थेने 2010 मध्ये बायकांना दार उघडलं. आसं कसं चाली, भाऊ?

नाना_धुळे

ताई, तुमच्या आईंना तीन फोन करावे लागले हे वाचून वाईट वाटलं. पहिल्याच फोनला कुणीतरी घरी यायला हवं होतं, ही आमची चूक. पण ग्रँड ओरिएंटचं उदाहरण मला मान्य नाही. त्यांनी 1877 मध्ये परमेश्वरावरच्या श्रद्धेची अट काढली आणि इंग्लंडने संबंध तोडले ते आजतागायत. इंग्लंडमध्ये बायकांची स्वतंत्र लॉज शंभरहून अधिक वर्षं चालू आहेत, त्यांचा आम्हाला आदर आहे. बायका नकोत हा आमचा लँडमार्क, म्हणजे कधीच न बदलायचा मूळ नियम, शेताच्या बांधावरच्या दगडासारखा. तो हलवला की शेत कुणाचं हेच कळेनासं होतं.

तापीकाठ

नाना, बांधावरचा दगड हलवू नये हे मलाही मान्य. पण पावतीपुस्तक हा बांधावरचा दगड आहे का?

त्याच 1723 च्या पुस्तकात शेवटी लिहिलंय की ग्रँड लॉजला नवे नियम करायचा आणि जुने बदलायचा अधिकार आहे, फक्त जुने लँडमार्क जपून. म्हणजे सुधारणेची वाट पहिल्या दिवसापासून आखलेली आहे. आपल्या शपथेत गळा कापण्याच्या शिक्षेचे शब्द होते. इंग्लंडने 1986 मध्ये ते शपथेतून बाहेर काढले. कुठलं लॉज कोसळलं? आणि आपण खान्देशी माणसं तिथे पोचलो तेच मुळी कुणीतरी हट्टाने दार वाजवत राहिलं म्हणून. मुंबईत माणकजी कर्सेटजींना आत घेत नव्हते. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली, आणि 1843 मध्ये भारतीय लोकांसाठी रायझिंग स्टार लॉज निघालं. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्तांनी 1863 मध्ये अर्ज केला, हिंदू म्हणून अडवलं, आणि 1872 मध्ये प्रवेश मिळाला. नऊ वर्षं! तेव्हाही हार्मनी बिघडते असं म्हणणारे असतीलच.

तुमची पॅनलची भीती खरी आहे. पण आपल्या जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या त्या जास्त प्रश्न विचारल्यामुळे नाही. माझ्या मावशीची ठेव अडकली तेव्हा ती म्हणाली, "संचालक ओळखीचे होते, विचारायला लाज वाटली." मला तीच लाज लॉजमध्ये दिसते. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रँड लॉजमध्ये ग्रँड मास्टरांच्या कारभारावरून सभासद कोर्टात गेले. 2011 मध्ये कोर्टाने प्रशासक नेमला, 2012 मध्ये इंग्लंडने मान्यता काढली, ती परत मिळायला 2014 उजाडलं. तोवर हजारो माणसं सोडून गेली होती.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे आज पूर्ण उत्तर नाही. एका वेळी एक गोष्ट घ्यावी असं वाटतं.

पाचोऱ्याची_लेक

एका वेळी एक म्हटलं की आमची पाळी नेहमी शेवटी येते. तुम्हाला पावतीपुस्तक नाकारणाऱ्यांनीही 'आत्ता नको' एवढंच म्हटलं होतं ना?

तापीकाठ

हो. तेच म्हटलं होतं. तुमचं बरोबर आहे.

नाना_धुळे

रात्री परत सगळं वाचलं. तापीकाठ, 1961 मध्ये प्रत्येक लॉजने ठरवलं होतं की भारताच्या ग्रँड लॉजखाली यायचं की इंग्लंड-स्कॉटलंडकडेच राहायचं. आमचे गुरू त्या बैठकीत होते. ते सांगत, दोन तास बोलणं झालं, आवाज चढले, मग पेटी फिरली आणि नंतर सगळे एकत्र जेवले. मी हे विसरलो होतो.

फोन करून तुम्हाला 'विश्रांती' सुचवली, ते चुकीचं झालं. असं सुचवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पोटनियमात बदल हवा तर लेखी सूचना द्या, बैठकीच्या पत्रिकेत विषय छापून येऊ द्या. पण सूचनेत कुणा व्यक्तीवर आरोप नको, आणि हे प्रकरण वर्तमानपत्रात न्यायचं नाही. वह्या बघण्याचं कलम एवढंच असेल तर मी अनुमोदन देईन. काळ्या गोळीला हात लावलात तर विरोधात बोलेन, आत्ताच सांगतो.

तापीकाठ

नाना, तुम्ही दुसऱ्या लॉजचे, तुमचं अनुमोदन आमच्या पत्रिकेत चालणार नाही. पण तुमच्या लॉजमध्ये हेच कलम तुम्ही मांडाल का? मी मसुदा पाठवतो. 'प्रत्येक सभासदास लेखी मागणी केल्यापासून 15 दिवसांच्या आत जमाखर्चाच्या वह्या व पावतीपुस्तके सेक्रेटरींच्या समक्ष पाहता येतील.' एवढंच एक वाक्य आहे.

नाना_धुळे

15 चे 30 करा. सेक्रेटरीही नोकरी करणारा माणूस असतो. पाठवा.