शब्दचर्चा: 'सुप्त' संसर्ग आणि 'धुमसता' संसर्ग

विचारणा (आर्वी, जि. वर्धा): हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी आम्ही एनपीव्ही (अळीला रोग लावून मारणारा विषाणू) फवारतो. गावातल्या शेतकरी गटासाठी त्याचं माहितीपत्रक लिहितोय. विषाणू कीटकाच्या पेशीला न मारता आत राहतो, त्यासाठी 'पर्सिस्टंट' आणि 'लेटंट' असे दोन शब्द येतात. दोन्हीकडे 'सुप्त' लिहिलं तर चालेल का?

उत्तर (आरमोरी, जि. गडचिरोली): नका लिहू, दादा. एनपीव्हीची उघड लागण तुमच्या गटानं पाहिलेलीच असेल. अळी शेंड्याकडे चढते, उलटी लटकते, काळी पडते आणि बोट लागताच कातडी फुटून पातळ रस गळतो. प्रश्न आहे तो वरून धडधाकट दिसणाऱ्या अळीचा. तिच्यात विषाणू असेल तर त्याला आधी 'छुपा संसर्ग' म्हणा. छुपा म्हणजे आपल्याला दिसत नाही, एवढंच. आत काय चाललंय ते सांगायला पुढचे दोन शब्द लागतात.

लेटंटमध्ये विषाणूची जनुकं पेशीत असतात, पण नवे कण तयार होत नाहीत. इथं 'सुप्त' चपखल बसतो. पर्सिस्टंटमध्ये पेशी जगते, वाढते आणि थोडेथोडे नवे कण बाहेर सोडतच राहते. ओली गोवरी ज्वाळ न धरता धूर सोडत राहते, तसं. म्हणून मी 'धुमसता संसर्ग' म्हणते.

डेंगीचा विषाणू एडिस डासात एकदा शिरला की डास मरेपर्यंत जात नाही. डासाच्या पेशी आरएनए हस्तक्षेपाच्या, म्हणजे विषाणूचा आरएनए तोडण्याच्या, यंत्रणेनं त्याला आटोक्यात ठेवतात, संपवत नाहीत. लाळेतून विषाणू जातच राहतो. याला 'सुप्त' म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल, या डासापासून धोका नाही! मला हे फार खटकतं.

दुसरं उदाहरण अमेरिकन लष्करी अळीचं. तिच्या एसएफ-९ पेशी प्रयोगशाळेत वाढवून लसींच्या कामी वापरतात. २०१४ साली त्यांत एक ऱ्हॅब्डोविषाणू (रेबीजच्या विषाणूच्या कुळातला) आढळला. पेशी बघायला ठणठणीत, आणि विषाणूचे कण बाहेर पडत होते. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेला चांदीपुरा विषाणू याच कुळातला.

प्रतिसाद (यवतमाळ): ताई, 'दीर्घकालीन' का नको? सरकारी कागदांत तोच सहज रुळेल.

उत्तर (आरमोरी): सुप्त संसर्गही दीर्घकालीनच असतो की! मुदत सांगून दोघांतला फरक कळत नाही. कण बाहेर पडतात की नाही, ते शब्दातून कळायला हवं. तपासणीही त्यावरच चालते: पेशी ज्यात वाढवल्या ते द्रावण निरोगी पेशींवर टाकायचं आणि त्यांना लागण होते का ते बघायचं.

इथं एक गुंता आहे, तो सांगायलाच हवा. आपल्या घाटेअळीच्या नात्यातली अमेरिकेतली अळी म्हणजे हेलिकोव्हर्पा झिया. प्रयोगशाळेतल्या भांड्यात वाढवलेल्या तिच्या पेशींत एचझेड-१ नावाचा विषाणू मिळाला. बहुतेक पेशींत त्याचं पीएजी-१ हे एकच जनुक चालू, बाकी सगळी गप्प. त्याच भांड्यातल्या मोजक्या पेशींत मात्र तो जागा होतो आणि कण सोडतो. म्हणजे एकेक पेशी पाहिली तर संसर्ग सुप्त, अख्खं भांडं पाहिलं तर धुमसता. तेव्हा पेशीबद्दल लिहिताय की अळीबद्दल, ते वाक्यात स्पष्ट येऊ द्या.

विचारणा करणारे (आर्वी): मग पत्रकात असं लिहितो: 'वरून निरोगी दिसणाऱ्या अळीतही विषाणू छुपा असू शकतो. अळ्यांची दाटी झाली किंवा खाणं बदललं की तो उफाळतो.' बाकीचे दोन शब्द मागच्या पानावर, डासाच्या उदाहरणासकट.

उत्तर (आरमोरी): छान जमलंय. फक्त 'उफाळतो'च्या जागी 'उफाळू शकतो' करा. दाटी झाली म्हणून दरवेळी उफाळतोच असं नाही, आणि गटातलं कुणी त्या भरवशावर फवारणी टाळायला नको.