‘ट्रॅक्शन इंजिन’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतोय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं इंग्लंडमधलं खेडं, मळणीचे दिवस, आणि रस्त्याने धूर सोडत एक ‘ट्रॅक्शन इंजिन’ खळ्यावर येतं. रेल्वेच्या धर्तीवर ‘कर्षण इंजिन’ लिहून पाहिलं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. ‘वाफेची गाडी’ किंवा ‘वाफेचा ट्रॅक्टर’ चालेल का?

प्रतिसाद

‘वाफेची गाडी’ नको, फार ऐसपैस शब्द आहे. त्यात फ्रान्समध्ये क्युन्योने १७७० च्या सुमारास तोफा वाहायला बनवलेली तीनचाकी येते, वॉल्टर हॅनकॉकने १८३३ मध्ये लंडनमध्ये चालवलेली प्रवासी बस येते आणि अमेरिकेतली स्टॅनली मोटारही येते. ही सगळी ओझं किंवा माणसं स्वतःच्या अंगावर घेणारी वाहनं. ट्रॅक्शन इंजिन ओढतं.

त्याची रचना पाहा. बॉयलर हाच सांगाडा, वेगळी चौकट नाही. सिलिंडर बॉयलरच्या पाठीवर, एका बाजूला मोठं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक. मागची चाकं लोखंडी आणि जवळजवळ पुरुषभर उंच, चिखलात घसरू नयेत म्हणून त्यांच्या धावेवर तिरप्या पट्ट्या ठोकलेल्या. चालवायला बहुधा दोघं: एक वाफ आणि भट्टी सांभाळणारा, दुसरा सुकाणूवर. सुकाणू फिरवलं की साखळ्या पुढचा आख एका बाजूला खेचतात, त्यामुळे वळण घ्यायला भरपूर गरगरवावं लागतं. खळ्यावर पोचलं की चाकांचा गिअर सोडवायचा, फ्लायव्हीलवर पट्टा चढवायचा आणि तो मळणीयंत्राला जोडायचा. तुमच्या लेखातलं इंजिन रस्त्याने येतं ते यंत्र ओढत आणि खळ्यावर तेच यंत्र फिरवतं.

त्याआधी इंजिनं चाकांवर होती, पण ती घोडे ओढून न्यायचे. केंटमधल्या टॉमस अ‍ॅव्हलिंगला हे पटेना. १८५९ मध्ये त्याने अशाच एका इंजिनाच्या मागच्या चाकांना साखळी जोडून ते स्वतःच्या जोरावर चालतं केलं. गंमत म्हणजे सुरुवातीच्या अशा इंजिनांपुढे तरीही एक घोडा जुंपलेला असे, तो फक्त वळवण्यापुरता!

प्रतिसाद

‘वाफेचा ट्रॅक्टर’ला काय हरकत आहे? ‘ट्रॅक्शन’ आणि ‘ट्रॅक्टर’ यांचा मूळ लॅटिन धातू तर एकच, ‘ओढणे’. अमेरिकेत सर्रास ‘स्टीम ट्रॅक्टर’च म्हणतात.

प्रतिसाद

मजकूर अमेरिकेतला असता तर मीही तेच सुचवलं असतं. पण ब्रिटनमध्ये ‘स्टीम ट्रॅक्टर’ हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका हलक्या, लहान प्रकाराचं नाव आहे. लेखात पुढे तोही आला तर काय कराल? शिवाय ट्रॅक्टर म्हटलं की आपला वाचक लगेच नांगरट करायला निघतो. तिथे वाफेची नांगरट वेगळीच होती. जॉन फाउलरच्या पद्धतीत शेताच्या दोन टोकांना दोन इंजिनं उभी करायची आणि मधला नांगर तारेच्या दोराने इकडून तिकडे ओढायचा. एवढं जड धूड ओल्या जमिनीत घातलं तर रुतून बसायचं.

प्रतिसाद

जाता जाता: जुन्या ब्रिटिश मजकुरात ‘लोकोमोटिव्ह’ दिसलं की लगेच रेल्वे इंजिन लिहू नका. १८६५ च्या लोकोमोटिव्ह कायद्याने गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल अशी मर्यादा घातली आणि इंजिनाच्या पुढे ६० यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालवायला लावला. तो कायदा रस्त्यावरच्या इंजिनांचा. ‘लोकोमोबिल’ तर आणखी फसवा: फ्रेंच-जर्मन मजकुरात ते घोड्यांनी ओढायचं इंजिन, तर अमेरिकेत १८९९ साली निघालेली मोटार कंपनी.

प्रतिसाद

‘आगगाडी’च का नको? या शब्दात रूळ कुठे आहेत? आग आणि गाडी, बस. ‘आगबोट’ही तशीच घडली.

प्रतिसाद

तर्क बिनतोड आहे, पण १८५३ पासून ती गाडी रुळांवर चढली ती चढलीच. ‘खळ्यावर आगगाडी आली’ असं लिहून बघा, वाचक स्टेशन शोधत बसेल. आणि नुसतं ‘इंजिन’ लिहिलं तर आपल्याकडे विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवतं. मी असं करीन: पहिल्यांदा ‘वाफेवर चालणारं, रस्त्याने ओझं ओढणारं ट्रॅक्शन इंजिन’ असं फोडून लिहीन आणि पुढे सरळ ‘ट्रॅक्शन इंजिन’. आपल्या वाचकाला या घराण्यातला रस्ता दाबणारा रोलर ऐकून माहीत असतो, त्याचा हात धरून एक वाक्य टाकलं तरी चित्र उभं राहतं.

प्रश्नकर्ता

हे पटलं. ‘कर्षण’ रद्द. लेखात शेवटी जत्रेत ‘शोमन्स इंजिन’ येतं, तेही यातलंच का?

प्रतिसाद

हो, त्याच घराण्यातलं. बॉयलरच्या पुढे डायनामो बसवलेला, वर छप्पर आणि त्याला पिळाचे पितळी खांब. दिवसा पाळण्यांचं सामान ओढून गावोगाव न्यायचं आणि रात्री फ्लायव्हीलच्या पट्ट्यावर डायनामो फिरवून जत्रेला वीज पुरवायची. ‘जत्रेचं इंजिन’ लिहा, तिथे मराठी शब्द चपखल बसतो.