मदत हवी आहे: एक बस, छोटं सागरी संग्रहालय आणि दोन जुनी चर्च

नमस्कार मंडळी. ४८ जणांची बससहल ठरवतेय, निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे. एक छोटं सागरी संग्रहालय आणि चालत जाण्याच्या अंतरावरची दोन जुनी चर्च. ही सांगड मुद्दाम घातलीय. चर्चच्या मुख्य दालनाला 'नेव्ह' म्हणतात, तो शब्द लॅटिनमधल्या 'नाविस'वरून, म्हणजे जहाजावरून आलाय (आपली 'नाव'ही त्याच गोतातली!). शिवाय किनाऱ्यावरच्या कित्येक चर्चमध्ये खलाशांनी नवसाला वाहिलेली छोटी जहाजं छताला टांगलेली असतात.

अडचण अशी की संग्रहालयात एका वेळी वीसच माणसं मावतात. १६-१६ चे तीन गट करून तिन्ही ठिकाणी फिरते ठेवावेत म्हटलं, पण ऐन वेळी एखाद्या चर्चमध्ये अंत्यविधी निघाला तर? रविवार टाळलाच आहे. बस दारापर्यंत जात नाही, माणसं उतरवून लांब उभी करावी लागेल. आणि स्वच्छतागृह एकच, ते गणित सगळ्यात भयंकर.

कोणी असं केलंय का? प्रत्येक ठिकाणी किती वेळ धरलात? चर्चची वेळ आधी कळवून पक्की होते, की आदल्या दिवशी पुन्हा फोन करावाच लागतो?