हर्क्युलिसवर डेबियन टाकतोय, इन्स्टॉलर प्रश्न विचारतो पण उत्तर घेतच नाही

रिकामा_सेक्टर

मंडळी, मदत हवी. मी पुण्यात बसून एका बँकेचे कोबोल या जुन्या भाषेतले प्रोग्रॅम सांभाळतो, आठ वर्षं झाली, आणि मेनफ्रेम (बँकांची मोठी सेंट्रल मशीनं) म्हणजे माझ्यासाठी फक्त 3270 टर्मिनलची काळी-हिरवी खिडकी, मशीन डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. म्हणून म्हटलं घरच्या लॅपटॉपवर (आय5, 16 जीबी, वर लिनक्स मिंट) हर्क्युलिस, म्हणजे मेनफ्रेमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाकून त्यात लिनक्स चढवून बघू.

आधी उबुंटू 20.04 घेतलं, कर्नल लोड झाला आणि तिथेच गार. मग डेबियन लिनक्सची एस390एक्सवाली (मेनफ्रेमसाठीची) इमेज घेतली, कॉन्फिग फाइल लिहिली, 3390-3 या मेनफ्रेम मॉडेलची नकली डिस्क बनवली, इन्स फाइल (काय लोड करायचं त्याची यादी) देऊन आयपीएल मारला, म्हणजे मशीन बूट केलं, आणि चक्क इन्स्टॉलर आला! पहिलाच प्रश्न, नेटवर्क डिव्हाइस कुठलं, 1 सीटीसी, 2 क्यूईटीएच वगैरे (मेनफ्रेमच्या नेटवर्क जोडण्यांचे प्रकार). मी 1 टाकून एंटर मारतो तर हर्क्युलिस म्हणतो अशी कमांडच नाही. पन्नास वेळा केलं. शनिवार गेला पूर्ण. काय चुकतंय?

टेपवाला_काका

अरे 1 च्या आधी डॉट दे. .1 असं टाक आणि एंटर.

तू जिथे टाइप करतोयस तो हर्क्युलिसचा स्वतःचा कन्सोल आहे, म्हणजे मशीनचा ऑपरेटर पॅनल समज. तिथे लिहिलेलं सगळं आधी हर्क्युलिस आपल्यासाठी आहे असं धरतो. पुढे डॉट लावला की ते आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातं. आम्ही मशीन रूममध्ये होतो तेव्हापासूनची ही भानगड, ऑपरेटर कोणाशी बोलतोय, मशीनशी की सिस्टिमशी, हे आधी ठरवायचं. पासवर्ड विचारेल तेव्हाही डॉट, आणि तो स्क्रीनवर उघडा दिसेल, दचकू नकोस. पण हे फार वेळ करावं लागत नाही, नेटवर्क लागलं की तो एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) चालू करतो, मग दुसऱ्या टर्मिनलमधून इन्स्टॉलर या युजरने आत शिर, पुढचं सगळं नेहमीच्या स्क्रीनवर.

झेड_आर्किटेक्चर

काकांनी मुख्य सांगितलंच, उबुंटूचं मी सांगतो. 20.04पासून त्यांना किमान झेड13 मशीन लागतं, 2015चं. त्यात व्हेक्टर इन्स्ट्रक्शन (एका फटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) आल्या, त्या तुझ्या हर्क्युलिसला कळत नसणार, म्हणून गार. डेबियनची अट जुन्या मशीनची आहे. आणि हर्क्युलिस कुठलं घेतलंयस? रिपॉझिटरीतलं 3.13 असेल तर काढून टाक, हायपेरियन 4 (हर्क्युलिसचीच नवी आवृत्ती) स्वतः कंपाइल कर, नाहीतर अर्ध्या रस्त्यात परत अडकशील.

दुसरं, 3390-3 म्हणजे 3339 सिलिंडर, जेमतेम 2.8 जीबी. स्वॅप काढल्यावर काय उरणार कपाळ? 3390-9 बनव, साडेआठ जीबीच्या आसपास मिळते. पार्टिशन मात्र एका डॅस्डीवर (मेनफ्रेमच्या भाषेत डिस्क) तीनच होतात, होम वेगळं, व्हार वेगळं असले लाड करू नकोस.

चहा_आणि_कर्नल

एवढी मारामारी कशाला, क्यूईएमयू या दुसऱ्या एम्युलेटरमध्ये पण एस390एक्स आहे, त्याची साधी व्हर्टिओ डिस्क लाव, झालं. व्हेक्टरपण चालतात.

टेपवाला_काका

चालतंय की. पण त्यात 3390 नाही, सिलिंडर नाही, चॅनलवरचं सीटीसी नाही. त्याला मेनफ्रेम बघायचाय रे, नुसतं लिनक्स तर त्याच्याकडे मिंट आहेच.

रिकामा_सेक्टर

काका, डॉट!!! एका टिंबासाठी शनिवार घालवला.

हायपेरियन टाकलं, 3390-9 केली. सीटीसीला 0ए00 आणि 0ए01 दिलं, प्रोटोकॉल एस/390, आतल्याला 10.1.1.2 आणि लॅपटॉपला 10.1.1.1. लॅपटॉपवरून आत पिंग जातो, एसएसएच पण लागलं, पण डेबियनचा मिरर (पॅकेजेस उतरवायचा सर्व्हर) सापडत नाही म्हणतोय. घरचं वायफाय व्यवस्थित आहे.

झेड_आर्किटेक्चर

लॅपटॉपपर्यंत येतंय ना, मग हर्क्युलिसचा दोष नाही. लॅपटॉप पुढे पाठवत नाहीये. आयपी फॉरवर्ड 1 कर आणि आयपीटेबल्समध्ये मास्करेडचा नियम टाक, वायफायच्या इंटरफेसवर, म्हणजे आतलं ट्रॅफिक लॅपटॉपच्याच पत्त्याने बाहेर जाईल. तुझा राउटर 10.1.1.2 ओळखतच नाही, तो उत्तर पाठवणार कुठे.

रिकामा_सेक्टर

झालं भावांनो. मास्करेड टाकलं आणि लगेच मिरर मिळाला. मग डिस्क फॉरमॅट करायला घेतली, टक्के एवढे हळू सरकत होते की जेवून आलो, भांडी घासली तरी चालूच. पॅकेजेस रात्रभर. मधे बायकोने विचारलं काय करतोयस, म्हटलं आयपीएल करायचाय, तर म्हणे आज मॅच कुणाची.

सकाळी इन्स्टॉल संपलं होतं, झिपिल (बूटलोडर) पण लिहिलं गेलं होतं. आयपीएल 120 दिलं आणि लॉगिन आलं. सीपीयूइन्फोमध्ये व्हेंडरच्या पुढे आयबीएम/एस390 लिहिलेलं बघून उगाच फोटो काढला. एस्केप दाबलं की पॅनलवर एमआयपीएसचा (सेकंदाला किती लाख-लाख इन्स्ट्रक्शन चालतात त्याचा) आकडा नाचतो, तो बघत बसतो येता-जाता.

आता यावर ग्नू कोबोल (कोबोलचा फुकट कंपायलर) टाकून ऑफिसातल्यासारखा छोटा प्रोग्रॅम चालवणार.

टेपवाला_काका

टाक. पण हे लिनक्स आहे, इथे एबसिडिक (मेनफ्रेमची अक्षरांची कोड-पद्धत, तिथे अक्षरं आकड्यांच्या आधी) नाही, ऑफिसच्या सवयीने सॉर्ट केलंस तर आकडे अक्षरांच्या आधी येतील. आणि बंद करताना आधी आतून शटडाउन, मग हर्क्युलिस. थेट खिडकी बंद केलीस तर रात्रभराचं डॅस्डी गेलं म्हणून समज.

रिकामा_सेक्टर

काका, हे काल सांगायचं होतं.