डिफरन्शियलमधील तेल गळते आणि शर्यतीच्या मध्यावर गाडीचा स्वभाव बदलतो: काय करावे?

प्रश्न

माझ्याकडे १/८ मापाची रिमोटवर चालणारी इलेक्ट्रिक बग्गी आहे. पुढच्या डिफमध्ये (डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची डबी) ५०००, पुढच्या-मागच्या चाकांमध्ये जोर वाटणाऱ्या मधल्यामध्ये ७००० आणि मागच्यामध्ये ३००० सेंटिस्टोकचे (दाटपणाचे एकक) सिलिकॉन तेल भरलेले आहे. पहिली तीन-चार मिनिटे गाडी मनासारखी चालते. त्यानंतर मात्र वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की पुढची चाके नुसतीच फिरतात आणि गाडी पुढे खेचली जात नाही. शिवाय चार-पाच फेऱ्यांनंतर मागच्या डिफच्या आउटड्राइव्हभोवती (डिफमधून बाहेर येणारा, जोर पुढे नेणारा दांडा) तेल पाझरून त्यावर धूळ बसते आणि तिचे काळे कडे तयार होते. ओ-रिंग (दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या गोल रबरी कड्या) दोनदा बदलल्या, तरी फरक पडलेला नाही. हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून डिफ नेहमी काठोकाठ भरतो. आता मधल्या डिफमध्ये १०,००० चे तेल घालावे का? आणि गळती थांबवण्यासाठी डिफच्या डब्याची कडा घासून सपाट करणे कितपत योग्य ठरेल?

उत्तर १

तेलाचा क्रमांक बदलण्याआधी भरण्याची पद्धत बदला, कारण माझ्या मते आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ ‘काठोकाठ’ या एका शब्दात आहे. सिलिकॉन तेल दर १० अंश सेल्सियसला साधारण १ टक्का प्रसरण पावते, म्हणजे डिफ ५० अंशांनी तापला तर आतले तेल सुमारे ५ टक्के जास्त जागा मागते. डबा आधीच भरलेला असेल तर त्या तेलाला ओ-रिंगच्या कडेने बाहेर पडण्यावाचून वाटच उरत नाही. एकदा ते बाहेर पडले की थंड झालेल्या डिफमध्ये नेमके किती तेल शिल्लक आहे हे आपल्याला कळत नाही, आणि पुढच्या फेरीत तीच गाडी वेगळी वागते.

क्रॉस पिन (आतले छोटे गिअर ज्यांवर फिरतात त्या आडव्या पिना) जेमतेम बुडतील इतकेच तेल भरा आणि वर थोडी हवा राहू द्या. बुडबुड्यांची भीती रास्त आहे, परंतु त्यावरचा उपाय वेगळा आहे: अर्धे तेल ओतून आउटड्राइव्ह हाताने दहा-बारा वेळा सावकाश फिरवा, दातांमागे अडकलेली हवा वर येऊ द्या, दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि मगच उरलेले तेल घाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डिफ आधी कोरडा आणि मग भरलेला असा दोनदा वजन करून दोन्ही आकडे वहीत लिहा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा त्यासाठी पुरेसा आहे. नजरेने भरलेले दोन डिफ क्वचितच सारखे निघतात, वजनाने भरलेले मात्र निघतात.

स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे घट्ट करत जा. सगळे बसल्यावर डिफ हातात फिरवून पाहा. कुठे खरखर जाणवली किंवा अडल्यासारखे झाले, तर एखादी बाजू जास्त आवळली गेली आहे.

उत्तर २

डबा घासण्याविषयी. मी धातूच्या डब्यांवर हे अनेकदा केले आहे. प्लास्टिकच्या डब्यावर करू नये, तेथे नवे गॅस्केट (कडेत बसणारा, गळती रोखणारा पातळ थर) हाच मार्ग. आधी कडेवर काळ्या मार्करने पूर्ण वळसा काढा, सपाट काचेवर ६०० क्रमांकाचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवा आणि डबा हलक्या हाताने इंग्रजी आठच्या आकारात चार-पाच वेळा फिरवा. काळी रेघ सगळीकडून सारखी पुसली गेली तर कडा मुळातच सपाट आहे. मग तेथेच थांबा. एखाद्या भागात ती टिकून राहिली तर तेवढी नाहीशी होईपर्यंतच घासा, आणि शेवटचा हात १००० ने द्या.

येथे एक धोका आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कडेवरून जे काढले जाते त्याने आतले गिअर एकमेकांच्या तितकेच जवळ येतात, आणि डिफची एकूण रुंदी घटल्याने रिंग गिअर (डिफवरचा मोठा गिअर) व पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) यांच्या दातांची बैठकही सरकते. म्हणून घासल्यानंतर आतले व बेअरिंगमागचे शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) नव्याने जुळवावेच लागतात.

तुमची गळती आउटड्राइव्हपाशी आहे, कडेवर नाही. त्यामुळे आधी आउटड्राइव्हचा दांडा पाहा. ओ-रिंग जेथे घासते तेथे नख आडवे फिरवा. नख अडकले, तर दांड्यावर खाच पडली आहे आणि कितीही नव्या रिंग घातल्या तरी तेल येणारच. तो दांडा बदलावा. रिंग सिलिकॉन रबराच्या असतील तर त्याही नकोत, कारण सिलिकॉन तेलात त्या फुगतात. नायट्राइलच्या घ्या.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मागच्या डिफच्या एका दांड्यावर नख स्पष्ट अडकते. मधल्या डिफमधून वजन करत तेल काढले, तर क्रॉस पिन बुडण्याच्या पातळीपेक्षा ते बरेच जास्त निघाले. एक शंका उरते: १०,००० चे तेल हाताशी आहे, ते ५००० मध्ये निम्मे-निम्मे मिसळले तर ७५०० मिळेल का?

उत्तर ३

नाही, सुमारे ७१०० मिळेल. एकाच प्रकारच्या सिलिकॉन तेलांचा दाटपणा साध्या सरासरीने जुळत नाही. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घेतले की सम प्रमाणातल्या मिश्रणाचा अंदाज येतो. म्हणजे हे मिश्रण तुमच्या सध्याच्या ७००० हून फारसे वेगळे नाही.

पुढची चाके रिकामी फिरणे हे मधले तेल पातळ पडल्याचे लक्षण आहे खरे, आणि दाट तेलाने मागच्या चाकांकडे जास्त जोर जातो. परंतु बाटलीवरचा आकडा २५ अंशांचा असतो, आणि ३८ ते ९९ अंशांदरम्यान हे तेल आपला सुमारे ६० टक्के दाटपणा गमावते. त्यामुळे थंड गाडीच्या पहिल्या दोन मिनिटांवरून तेल निवडू नका. ठरवलेल्या वजनाने तेच ७००० भरून तीन-चार फेऱ्या चालवा, आणि तापलेल्या अवस्थेतही पुढची चाके सुटत असतील तरच १०,००० कडे जा.

डिफ उघडलाच आहे, तर जुन्या तेलाचा रंग पाहून घ्या. करडे, चमकदार कणांचे तेल म्हणजे गिअर किंवा क्रॉस पिनची झीज. अशा वेळी पिन तिच्या खाचेत हलते का हे तपासा. धातूचे भाग ब्रेक क्लीनरने धुवा, कारण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सिलिकॉन तेल नीट विरघळत नाही. ओ-रिंग मात्र नुसत्या कोरड्या फडक्याने पुसा आणि बसवताना त्याच तेलाचा पातळ थर लावा.