तालुक्याच्या वार्ताहरालाच जास्त गरज
गोटेनबर्ग, क्वालालंपूरला झालेल्या जागतिक शोधपत्रकारिता परिषदांतलं प्रशिक्षण मोठ्या इंग्रजी पेपरवाल्यांसाठी, राजापूर-देवगडच्या वार्ताहराला त्याचा काय उपयोग, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. प्रवासखर्च झेपत नाही हे शंभर टक्के खरं. पण या परिषदांतली बरीच टिपणं नंतर नेटवर फुकट मिळतात. त्यातूनच मी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं बघायला शिकलो. आमच्या सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) एक चिरेखाण 'जुनीच आहे' असं सांगत होते. जानेवारीच्या चित्रात नुसता करडा कातळ, मेच्या चित्रात तांबडा चौकोन! एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० बाय १० मीटर, त्यामुळे छोटी खाणही लपत नाही. शेजारी सातबाऱ्यावरच्या फेरफाराची तारीख ठेवली आणि पुढचे प्रश्न आपोआप सुचले. पावसाळ्यात मात्र ढग आडवे येतात, तेव्हा सेंटिनेल-१ या जोडीच्या उपग्रहाची रडारचित्रं घ्यावीत, त्यांना ढगांची अडचण नाही.

आणि या परिषदांतलं पत्रकारांच्या सुरक्षेचं सत्र तर आधी आपल्यालाच हवं. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात गाडीची धडक बसून पत्रकार शशिकांत वारिशे गेले, गुन्हा खुनाचा नोंदला गेला. ते तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या वादावर लिहीत होते. तेव्हापासून कुठे जातोय, कोणाला भेटतोय हे एका सहकाऱ्याला कळवल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.