मदत हवी आहे: आरओचा हाय प्रेशर पंप खडखडतोय

नमस्कार मंडळी. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कारखान्यात तासाला 5,000 लिटरचा आरओ आहे, पाणी बोअरचं. हाय प्रेशर पंप आत खडे फिरल्यासारखा वाजतो, गेजचा काटा 12 बारवर थरथरतो. मेकॅनिकल सील (पंपाच्या दांड्याजवळची गळती रोखणारं) चार महिन्यांत दोनदा गेलं.

गेल्या आठवड्यात पंपाआधीचं 5 मायक्रॉनचं फिल्टर कार्ट्रिज काढलं, तर गेरूसारखं लाल, बोटाला चिकटणारं. नवं घातल्यावर दोन दिवस आवाज बंद, मग पुन्हा तेच. म्हणजे सक्शनला पाणी कमी पडून कॅव्हिटेशन (पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) होतंय, असं माझं मत. मेकॅनिक मात्र पंपच बदला म्हणतो. लो प्रेशर स्विचही (पाण्याचा दाब कमी झाला की पंप बंद करणारा) कोणीतरी बायपास केलेला सापडला, तो आज जोडतोय.

आधी लोह काढणारा फिल्टर बसवू, की फीड पंप (हाय प्रेशर पंपाला पाणी पुरवणारा) मोठा घेऊ? फोंडा-वेर्णा भागात कोणी हे निस्तरलं असेल तर कृपया सांगा.